डाव्या हाताची चकती

आज सकाळी गाद्या उन्हात घातल्या. त्यांच्यामागून उशा, लोकरीच्या शाली, तुमच्या आजोबांचा काळा कोट, चामड्याचे जोडे आणि कपाटातली सगळी पुस्तके. पुस्तके मी उन्हात घालतानाही लहानमोठी पाहून ओळीने लावते. कामाची बाई त्यावरून मला हसते, हसू दे. लोणावळ्याच्या पावसात चार महिने घरातली एकेक वस्तू मुकाट्याने हिरवी होत जाते. आश्विन सरत आला आणि ऊन कोरडे पडू लागले की साऱ्या गावाचे संसार अंगणात येऊन बसतात. कुणाकडे किती गोधड्या आणि कुणाची उशी फाटकी, हे याच दिवसांत एकमेकांना कळते.

या दिवसांत हवेला दोन वास असतात. एक तापलेल्या कापसाचा. दुसरा कुरवंडे गावाकडून वारा उतरतो त्याच्याबरोबर येतो, कापलेल्या भाताचा. आंबेमोहोर शिजताना दरवळतो हे कुणीही सांगेल. पण तो कापून शेतात आडवा पडलेला असतो, रात्रीचे दव त्याच्या पेंढ्यावरून अजून उडालेले नसते, तेव्हा जो वास येतो तो इथे राहिल्याशिवाय कळायचा नाही. शरू आणि बाळ, तुम्हा नातवंडांच्या नैरोबीला वर्षातून दोन पावसाळे असतात, असे तुमचे बाबा सांगतात. मग तुमच्याकडे गाद्या दोनदा उन्हात घालतात का, ते मला जरूर कळवा.

पंचांगात या ऋतूला शरद म्हणतात. माझ्या मनात मात्र त्याचे नाव 'पुण्याला जायचे की नाही' असे आहे. इतकी वर्षे झाली, तरी नागफणीचा सुळका धुक्यातून स्वच्छ बाहेर आला, उतारावर सोनकीची पिवळी फुले दिसली, की माझ्या डाव्या हाताची बोटे आपोआप हलू लागतात. त्या बोटांची हकीगत तुम्हाला सांगायची आहे.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, लोणावळा स्टेशनच्या मालगोदामात कारकून होते. आई मी लहान असतानाच गेली होती. घर सांभाळायची नानांची थोरली बहीण, आमची आत्या. ती तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली आणि तिने मला वाढवले. घरात आम्ही तिघेच. घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिने आमच्या मागच्या दारासमोर सुटी होत आणि लांब उसासा टाकत. त्या उसाशावर आमचे जेवणखाण, अभ्यास, झोप चालत असे.

लोणावळ्याच्या शाळेत मुलींना जेवढे शिकवीत तेवढे माझे शिकून झाले होते. पुढचे शिक्षण, इंग्रजी शिक्षण, पुण्याला होते. तिथल्या एका मुलींच्या शाळेत वसतिगृह होते आणि दिवाळीनंतर काही मुली नव्याने घेणार होत्या. अट एकच, पण माझ्या दृष्टीने भयंकर. मुलीने स्वतःच्या हातची एक वस्तू करून आणायची. हाती घेतलेले काम मुलगी शेवटाला नेते की नाही, हे वस्तू पाहून कळते, असे तिथल्या मोठ्या बाईंचे म्हणणे होते. वस्तू विकतची नाही याची खात्री करण्यासाठी त्या समोर बसवून थोडे काम करवून घेत. पसंत पडली तर मुलीला त्याच दिवशी ठेवून घेत, म्हणून अंथरुणाची वळकटी बरोबर आणायची. नाही पडली तर वळकटीसकट परत.

"शाळा हातकाम मागते म्हणजे शाळेला अक्कल आहे," आत्या म्हणाली. "पण ते मागतात नेमकं तेच हिच्याजवळ नाही."

नाना न्यायाने वागणारे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितले, "वेणू, तू वस्तू केलीस आणि त्यांना पटली, तर तू पुण्याला राहशील. मी मध्ये येणार नाही. नाही झाली, तर माघात तळेगावकरांना होकार कळवायचा. मग तू मध्ये यायचं नाहीस."

तळेगावकरांचा मुलगा चांगला होता, असे सगळे सांगत. मी त्याला पाहिला नव्हता. मला लग्नाची भीती नव्हती की तिटकारा नव्हता. माझे एवढेच होते की नानांच्या टेबलावर इंग्रजी वर्तमानपत्र येई, त्यातली अक्षरे मला ओळखता येत आणि शब्द कळत नसत. दाराची कडी दिसावी पण हात पोचू नये, तसे ते होते. तो हात मला पोचवायचा होता.

आता हातांविषयी. मी जन्माची डावरी. मला आठवते तेव्हापासून जेवताना आत्या माझा डावा हात तिच्या जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने कमरेशी बांधून ठेवी. त्यात राग नसे. बांधलेल्या हाताची भरपाई म्हणून पहिला घास ती स्वतः भरवी, आणि तो घास नेहमी सर्वांत जास्त तुपाचा असे. पाटीवर लिहितानाही तेच. हळूहळू मी उजव्या हाताने जेवू आणि लिहू लागले, आणि घरातल्या सर्वांची समजूत झाली की डावा हात सुधारला. तो सुधारला नव्हता, गप्प बसला होता. सुई धरायची वेळ आली तेव्हा उजव्याला ते साधेना आणि डाव्याला परवानगी नव्हती. माझ्या भरतकामातला मोर बदकासारखा दिसे. बदक कशासारखे दिसे ते आत्याने एकदा सांगितले होते, पण ते मी इथे लिहीत नाही.

अशा स्थितीत गुलबाई भेटल्या. आमच्या घरापासून थोडे वर त्यांचा बंगला होता. त्या पारशी, वयस्क. मुंबईच्या दमट हवेत दमा उसळे म्हणून पाऊस सरला की लोणावळ्याला येऊन राहत. त्यांच्या पेट्या मालगोदामात उतरत आणि नाना त्या जातीने पोचवीत, म्हणून ओळख. एकदा नानांबरोबर मी गेले तेव्हा त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारच्या तिपाईवर सोडावॉटरचा पेला होता, आणि पेल्याखाली दोऱ्यांच्या गाठी मारून केलेली एक गोल चकती. सुई नाही, विणायच्या सुया नाहीत, टाका नाही. नुसती दोरी आणि गाठी. पेल्याचे पाणी ओघळे ते चकती पिऊन टाकी आणि तिपाईच्या लाकडावर डाग पडत नसे.

मी चकतीकडे पाहत राहिले. गुलबाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"शिकायचा हाय?" त्यांनी विचारले.

"हो," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले की नाना दचकले.

त्या याला मॅक्रमे म्हणत. मी घरी येऊन 'गाठकाम' म्हणू लागले. शिकवताना त्या माझ्यासमोर बसत. त्यांचा उजवा हात चाले, आणि समोरून पाहताना माझा डावा हात त्याच्यामागे आरशातल्यासारखा जाई. मी तो थांबवला नाही. कुणी पाहत नव्हते, आणि इतक्या वर्षांनी त्याला मोकळे सोडल्यावर तो असा काही चालला, की गोठ्यातून सुटलेले वासरूच.

कृती साधी आहे; तुम्हीही करू शकाल. दोरीचा एक छोटा वळसा करून मध्ये कडे करायचे. मग दुसऱ्या दोऱ्या मधोमध दुमडून, दुमडीचा फास कड्यामागून घेऊन, दोन्ही टोके त्या फासातून ओढायची. अशा दोऱ्या कड्याभोवती लावल्या की सूर्याच्या किरणांसारखी टोके सगळीकडे लोंबतात. मग एक दोरी आडवी धरायची, ती वाट. बाकीच्या दोऱ्यांनी एकेक करून त्या वाटेवर दोनदोन वेढ्यांची गाठ मारीत गोल फिरत जायचे. गोल वाढला की दोन गाठींत फट दिसू लागते. तिथे नवी दोरी दुमडून लावायची. शेवटी उरलेली टोके सारखी कापून झालर करायची. बस्स, एवढेच. एवढ्यासाठी मला अख्खा हंगाम लागला.

गुलबाईंनी दिलेले पांढऱ्या दोरीचे भेंडोळे घेऊन मी घरी आले, तर आत्याने ते दारातच अडवले. परक्या घरची दोरी तशीच आत यायची नाही. तिने ती बादलीत रात्रभर भिजत घातली आणि सकाळी तुळशीजवळ वाळवली. दोरी चांगली टीचभर आखडली. तेव्हा मला रडू आले होते. पुढे कळले की आधीच आटलेल्या दोरीची वस्तू कितीही धुतली तरी वेडीवाकडी होत नाही. आजही मी नवी दोरी आधी भिजवते. शरूने मागे विचारले होते, आजी सगळ्याच गोष्टी आधी का भिजवते, तर त्याचे उत्तर हे.

आत्या दुपारपर्यंत सोवळ्यात, स्वयंपाकघरात. मी मागच्या पायरीवर. पुढ्यात उलटा पाट, पाटात ठोकलेला एक खिळा, खिळ्यात अडकवलेले कडे. समोर रुळांपलीकडे उतारावर भाताची खाचरे पिवळी पडत होती. माझी पहिली चकती तयार झाली ती चकती नव्हतीच. कडा वर उचललेल्या, मध्ये खोल. द्रोण होता तो. त्यात आमटी वाढता आली असती.

हौसाबाई तेव्हा रोज सकाळी कुरवंड्याहून डोक्यावर दुधाची चरवी घेऊन येई. धिप्पाड, तोंडाने फटकळ, आणि आत्याची लाडकी. ती पायरीशी थांबली.

"ह्ये काय गं पोरी? कोंबडीला अंडी घालाया घरटं केलंस व्हय?"

"चकती आहे. पेल्याखाली ठेवायची."

"पेल्याखाली न्हाई, पेलाच हिच्यात बसंल! वर झाकन घाल म्हंजी झालं."

माझ्या द्रोणाचे कारण आमच्या घरात होते. मालगोदामातल्या माणसाच्या घरी सैल गाठ ही लाजेची गोष्ट. वाटेत सुटलेले गाठोडे, उसवलेले पोते, यावरून नानांना काय काय ऐकावे लागे ते मी लहानपणापासून पाहत होते. लोणच्याच्या बरणीचा दादरा असो की धुण्याची दोरी, आमच्याकडे गाठ मारायची ती पाय लावून ताणायची. मी चकतीही तशीच बांधली होती, जणू ती मालगाडीने मुंबईला पाठवायची आहे.

गुलबाईंनी ती पाहिली आणि खोकला येईपर्यंत हसल्या. "डीकरी, दोरीला असा ताणते कशाला? ती काय पळून जाते? जरा श्वास घेऊ दे तिला. दमा मला हाय तेवढा पुरे."

मी द्रोण सोडवला. दाभणाने एकेक गाठ सैल करून, बोटांची नखे दुखेपर्यंत. दुसऱ्या वेळी हात सैल सोडला, फट दिसेल तिथे आणि न दिसेल तिथेही दोऱ्या लावल्या. कडेला लाटा उठल्या.

"आता ह्येला झालर फुटली," हौसाबाई म्हणाली. "बैलाची झूल करतीस का काय? मापाचा बैल न्हाई गं आमच्याकडं."

पुन्हा दाभण. पुन्हा कडे, खिळा, पाट. निश्चय म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कडेलोट, तलवारी असे काहीतरी येते. माझ्या वाट्याला आलेला निश्चय फार बुटका होता. तो पायरीवर बसून होता, त्याच्या हातात दाभण होते, आणि काल केलेले आज न चिडता सोडवायचे एवढेच त्याला येत होते. पुढे आयुष्यात मी परीक्षा दिल्या, मुले वाढवली, शाळेत शिकवले. प्रत्येक ठिकाणी हाच बुटका उपयोगी पडला. उंच निश्चय मला एकदाही भेटला नाही.

बाहेर भाताची कापणी सुरू झाली होती. उतारावरून विळ्यांचा चरचर आवाज येई, मध्येच बायकांचे हसणे. दुपारी सगळे थांबले की पेंढ्यांवर टोळ उडत ते ऐकू येत. दिवाळी आली आणि गेली. आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले, की खिळ्याभोवतीचा गोल गेले कितीतरी फेरे सपाट पडून आहे. ना वर उचललेला, ना लाटा. हाताला कळू लागले होते की किती ओढायचे आणि नवी दोरी कुठे मागितली जाते आहे. मी त्यावर तळवा ठेवला. गार, खरखरीत, सपाट. इतका आनंद मला पुढे पहिला नंबर आल्यावरही झाला नाही.

त्याच सकाळी हौसाबाईने चरवी उतरवता उतरवता स्वयंपाकघराच्या दारातून आत सांगितले, "मावशी, तुमची पोर डाव्या हातानं लय झ्याक गाठी मारतीया! आमच्या थोरलीला म्हनलं, जरा बघून शीक."

आतली पळी थांबली.

आत्या बाहेर आली. तिने माझ्या हातातली दोरी पाहिली, मग हात पाहिला. ओरडली नाही. पायरीवर बसली, जिच्यावर ती कधी बसत नसे.

"वेणू, किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"त्या बाई तुला समोर बसवून करायला लावणार आहेत ना? तिथे सगळ्यांपुढे तू डावा हात काढणार? म्हणतील, आई नाही पोरीला, कुणी वळणच लावलं नाही. तुला काही म्हणणार नाहीत गं, मला म्हणतील. आणि शुभकामाला निघताना डाव्या हाताचं घेऊन जायचं?" तिने पदराने कपाळ पुसले. "उजव्याने कर. नाहीतर नेऊ नकोस."

हौसाबाई चरवी उचलून हळूच निघून गेली.

मी वाद घातला नाही. डाव्या हाताच्या चकतीची टोके सारखी कापून ती बाजूला ठेवली, पाट उचलून आत आणला, आत्यासमोर ठेवला आणि उरलेल्या दोरीची नवी चकती उजव्या हाताने पहिल्यापासून सुरू केली. खरे सांगते, त्यात मानभंग वगैरे मला वाटला नाही. मला पुण्याला जायचे होते. कोणत्या हाताने, याचे मला काही नव्हते. उजवा हात अडखळे, गाठ उलटी पडे, मी सोडवी, पुन्हा मारी. डाव्याने जे वाऱ्यासारखे होई त्याला उजव्याला घाम फुटे. पण रोज बसले. नाना येताजाता पाहून जात. शेवटी डाव्या हाताच्या चकतीहून लहान, थोडी तिरपी, पण पेला उभा राहील अशी एक वस्तू तयार झाली. निघायचा दिवस तोंडावर आला होता.

मी ती आत्यापुढे ठेवली. आत्या तेव्हा नवा तांदूळ निवडीत होती. हौसाबाईने तो नुकताच आणून दिला होता आणि ती उंबऱ्याशी टेकून बसली होती. आत्याने हात पुसले, चकती पाटावर ठेवली आणि मधल्या कड्यापासून वाटेवर बोट फिरवू लागली. ताटाभोवती पाणी फिरवावे, तुळशीभोवती फिरावे, तसे. अर्ध्या फेऱ्यात तिचे बोट अडले.

"ही उलटी फिरते आहे," ती म्हणाली.

तेव्हा मलाही पहिल्यांदाच ते दिसले. टोके आपल्याकडे लोंबत असली, की उजव्या हाताने गाठी मारणारी डावीकडून उजवीकडे जाते. गोलावर तसे जात राहिले की प्रदक्षिणेच्या उलट फेरा पडतो. देवाभोवती आपण जसे फिरतो त्याच्या अगदी विरुद्ध. आणि आमच्या घरात उलटा फेरा फक्त श्राद्धाच्या दिवशी.

"गुलबाईंचीही अशीच असते," मी म्हणाले.

"त्यांचं त्या बघतील. तुझी ती आधीची आण."

मी डाव्या हाताची चकती आणली. आत्याचे बोट मधून निघाले आणि न अडता, फेऱ्यामागून फेरा, सरळ प्रदक्षिणेने कडेपर्यंत आले.

आत्याने बोट उचलले. एकीकडे उजव्या हाताने केलेला उलटा फेरा, दुसरीकडे डाव्या हाताने केलेली प्रदक्षिणा. तिच्या आयुष्यातले दोन नियम पाटावर शेजारी शेजारी बसले होते आणि एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते.

"आता गं मावशी?" हौसाबाई म्हणाली. "आता देवालाच इचारा, बाबा रं, हात बघतूस का पाय?"

"तू गप्प बस," आत्या म्हणाली, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

मला एक युक्ती सुचली. मी उजव्या हाताची चकती उचलून पालथी घातली. मागच्या बाजूने फेरा उलटतो. ती आता प्रदक्षिणेने जाताना दिसत होती. "हे बघ आत्या. उजव्या हाताची आणि सुलटी. दोन्ही झालं."

आत्याने माझ्याकडे असे पाहिले, की ते पाहणे मला अजून आठवते. "देवाला काय एकच बाजू दिसते?" ती म्हणाली. "पालथं घालून चांगलं दाखवायला मी तुला शिकवलं नाही."

मागे एक इंजिन उसासा टाकून सुटे झाले. आत्याने दाभण मागून घेतले, उजव्या हाताची चकती मांडीवर घेतली आणि बाहेरच्या कडेपासून सोडवायला लागली.

"दोरी चांगली आहे," ती खाली मान घालून म्हणाली. "वाया कशाला घालवायची? ती दुसरी वळकटीत घाल." थोड्या वेळाने, दाभणाकडेच पाहत, "तिथे समोर बसवतील तेव्हा काय करायचं ते तुझं तू बघ. मी तिथे नसणार."

गाडीत मी नानांसमोर बसले होते. बाहेर मावळ कापून पडला होता. खाचरांत पेंढ्या, मध्ये मळणीची खळी, बैल गोल फिरताहेत. ते कोणत्या बाजूने फिरताहेत हे मी पाहत राहिले. या रस्त्याने मी पुढे कितीतरी वेळा गेले, पण मावळ इतक्या बारकाईने त्यानंतर कधी पाहिला नाही. तळेगाव आले तेव्हा नाना खिडकीबाहेर पाहत होते, आणि मी माझ्या दोन हातांकडे.

मोठ्या बाई चष्मा लावणाऱ्या, नऊवारीतल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चकती टेबलावर ठेवली, तिच्यावर पाण्याने भरलेले फुलपात्र ठेवले आणि बोटाने हलकेच ढकलून पाहिले. ते डुगडुगले नाही. मग त्यांनी कडे लावलेली एक उशी आणि दोऱ्यांची जुडी माझ्यापुढे सरकवली. "थोड्या गाठी मारून दाखव."

नाना भिंतीशी उभे होते. वळकटी त्यांच्या पायाशी होती.

माझा उजवा हात पुढे झालाही. त्याला आता थोडे येत होते, वाईट का होईना. कुणाला काही दिसले नसते, आत्याला बोल लागला नसता. पण टेबलावरच्या चकतीकडे माझी नजर गेली आणि मी थांबले. ती एका बाजूने फिरली होती. उजव्या हाताने मी आता जे करीन ते दुसऱ्या बाजूने फिरणार. दोन्ही शेजारी ठेवली की कुणीही म्हणेल, ही वस्तू या मुलीची नव्हे. इतक्या दिवसांचे दाभण, द्रोण, झालर, सगळे दुसऱ्या कुणाचे ठरेल.

मी दोरी डाव्या हातात घेतली.

खोलीत फक्त दोरी घासल्याचा आवाज होता. कड्याभोवती एक फेरा पुरा झाला, दुसरा लागला. मोठ्या बाई वाकून पाहत होत्या. त्यांनी चकती उशीशेजारी ठेवली, एकदा हिच्यावरून, एकदा तिच्यावरून नजर फिरवली.

"डावखुरी आहेस?"

"गाठींपुरती," मी म्हणाले. "लिहिते उजव्याने."

"वळण कुणी लावलं?"

"आत्याने."

त्यांनी मान हलवली. मग नानांकडे वळून, जणू ही रोजचीच अडचण, तशा म्हणाल्या, "शिवणाच्या वर्गात हिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावं लागेल. नाहीतर शेजारच्या मुलीला कोपर लागेल."

नानांना ते कळायला एक क्षण लागला. मला लागला नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही; नाताळच्या सुटीत घरी गेले तेव्हा हौसाबाईने सांगितले. त्या संध्याकाळी ती आमच्या दारात होती. आत्या ओट्यावर उभी राहून स्टेशनकडची पायवाट पाहत होती. रात्रीच्या भातासाठी तिघांचा तांदूळ तिने सुपात काढून ठेवला होता. गाडी आली, गेली. पायवाटेवर नाना दिसले. एकटे, हात मोकळे, बरोबर वळकटी नाही. ते दारापर्यंत येईतो आत्या ओट्यावरच थांबली. आत गेली, सुपातला एक मूठ तांदूळ परत डब्यात टाकला, आणि चूल पेटवायला बसली.